गोविंदपुरमचा गिअर आपल्या टेकडीवर कशाला?

आपल्या स्टोअरमधल्या सायकलींना सगळे जण ‘बिनगिअरच्या सायकली’ म्हणतात. खरे तर त्यांना गिअर आहे. तो एकच आहे आणि चालवताना बदलता येत नाही, इतकेच. हा एक गिअर कोणी तरी, कुठल्या तरी रस्त्यासाठी ठरवलेला असतो. तो आपल्या रस्त्यासाठी ठरवलेला नाही, आणि पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर निम्मे कॅडेट सायकल हातात धरून चालत जातात त्याचे कारण हेच आहे, असे माझे मत आहे.

या सायकली काढून 21 गिअरच्या नव्या सायकली घ्याव्यात, अशी चर्चा सध्या शाळेत चालू आहे. दुसरीकडे, आहे त्याच सायकलींवर जो चढतो तोच खरा, असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. मला दोन्ही बाजू पटत नाहीत. सायकली तशाच राहू द्याव्यात, फक्त मागचे फ्रीव्हील बदलावे. असे का, ते हिशेबाने सांगतो.

आधी गिअर म्हणजे काय ते पाहू. पुढच्या चेनव्हीलचे दाते मोजा, मागच्या फ्रीव्हीलचे मोजा आणि पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. पायडलची एक फेरी झाली की मागचे चाक किती फेऱ्या घेते, ते या भागाकारातून कळते. आपल्या सायकलींना पुढे 44 आणि मागे 18 दाते आहेत, म्हणजे एका फेरीत चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. या आकड्याला चाकाच्या व्यासाने गुणले की गिअर इंचात मिळतो. आपले चाक 26 इंची आहे, त्यामुळे आपला गिअर सुमारे 63.5 इंच येतो. त्याला पायने गुणून मीटर केले तर पायडलच्या एका फेरीत सायकल 5.07 मीटर पुढे जाते.

44 आणि 18 हे आकडे मला ओळखीचे वाटले, कारण ते मी आधी गोविंदपुरमला मोजले होते. गोविंदपुरम् हे माझे आजोळ. ते तामिळनाडूत, कुंभकोणमच्या पूर्वेला, तिरुविडैमरुदूर आणि आडुतुरै यांच्या मध्ये आहे. 17व्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरला मराठ्यांचे राज्य स्थापन केले. त्या काळात तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांपैकी अनेक घरे अजून कावेरीच्या काठच्या गावांत आहेत आणि घरात आपली तंजावरी मराठी बोलतात. गोविंदपुरमला बोधेंद्र सरस्वतींची समाधी आहे, आणि आता विठ्ठल-रुक्मिणीचे मोठे मंदिरही आहे. त्याचा कुंभाभिषेक 2011 मध्ये झाला. आषाढी एकादशीला तिथे ‘पांडुरंग’ असा गजर ऐकला की आपण पंढरपूरपासून इतक्या दूर आहोत हे खरे वाटत नाही.

माझ्या आजोबांची सायकल 28 इंची चाकांची, काळी, आडव्या दांड्याची आहे. पुढे 44 दाते, मागे 18. म्हणजे गिअर सुमारे 68 इंच, आणि एका फेरीत 5.46 मीटर. त्या सायकलीवरून त्यांनी विड्याच्या पानांच्या करंड्या आणि केळीचे घड वर्षानुवर्षे कुंभकोणमच्या बाजारात नेले. त्यांना हा गिअर कधी जड वाटला नाही, याचे कारण तिथली जमीन. कुंभकोणम समुद्रसपाटीपासून सुमारे 25 मीटर उंचीवर आहे आणि समुद्र तिथून साठेक किलोमीटर दूर आहे. इतक्या अंतरात जमीन फक्त 25 मीटर उतरते. म्हणजे एका किलोमीटरला अर्ध्या मीटरहूनही कमी. वाटेत चढ म्हणावा असे काही असेल तर कालव्यांवरचे पूल. अशा रस्त्यावर एकदा सायकलने वेग धरला की मोठा गिअर चांगलाच. पाय सावकाश फिरतात आणि अंतर लवकर कापले जाते.

पण आजोबासुद्धा वर्षभर हाच गिअर ठेवत नसत. तामिळ ‘आडी’ महिना साधारण आपल्या आषाढाच्या वेळी, मध्य जुलैपासून मध्य ऑगस्टपर्यंत येतो. त्या दिवसांत पालक्काडच्या खिंडीतून पश्चिमेचा वारा जोरात येतो. आडीच्या वाऱ्यात पाटासुद्धा उडतो, अशी तिकडे म्हणच आहे. गोविंदपुरमहून कुंभकोणमला जायचे म्हणजे पश्चिमेला जायचे, तेही ओझे घेऊन, म्हणजे वारा छातीवर. मला सुट्टी मे महिन्यात मिळते, त्यामुळे तो वारा मी अनुभवलेला नाही. पण मामा सांगतात की त्या महिन्यात आजोबा सायकलच्या दुकानात जाऊन मागे 20 दातांचे फ्रीव्हील लावून घेत आणि वारा पडला की पुन्हा 18 चे. गिअर 68 वरून 61.5 इंचांवर येई. सपाट प्रदेशात चढाचे काम वारा करतो, हे त्यांनी ओळखले होते आणि त्याप्रमाणे सायकल बदलली होती. त्यांनी नवी सायकल घेतली नाही आणि पायडल जड झाल्याचा अभिमानही बाळगला नाही.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या सायकलींना ‘माउंटन बाइक’ म्हणतात. टायर रुंद आहेत, त्यावर गाठी आहेत, हँडल सरळ आहे. दाते मात्र सपाट रस्त्यावरच्या सायकलीचेच आहेत. टाकीच्या टेकडीचा सर्वांत कठीण तुकडा मी दोन मित्रांबरोबर पाण्याच्या पारदर्शक नळीने मोजला. गवंडी लेव्हल बघायला वापरतात तीच नळी. 10 मीटरला 1 मीटर, असा चढ निघाला.

हिशेब असा. कॅडेटचे वजन 50 किलो आणि सायकलचे 17 किलो धरले तर एकूण 67. दहास एक चढावर याचा दहावा भाग, म्हणजे 6.7 किलो इतक्या वजनाने सायकल मागे ओढली जाते. मुरमाच्या रस्त्यावर टायरचा अडथळा साधारण 1.3 किलो धरू. एकूण 8 किलो. हे फार वाटत नाही. पण पायडलचा दांडा 17 सेंटिमीटर लांब असतो, त्यामुळे एका फेरीत पाऊल 1.07 मीटर फिरते आणि तेवढ्यात सायकल 5.07 मीटर जाते. अंतर पावणेपाच पट मिळते, म्हणून जोरही पावणेपाच पट लावावा लागतो. सायन्सच्या पुस्तकातल्या तरफेचाच हा नियम आहे. 8 किलोचे झाले सरासरी 38 किलो.

ही फक्त सरासरी आहे. पायडल अगदी वर आणि अगदी खाली असताना पाय काहीच करू शकत नाही, म्हणून दांडा आडवा असताना सरासरीच्या सुमारे दीडपट जोर द्यावा लागतो. तो येतो 60 किलो. मुलाचे वजन 50 किलो. पूर्ण वजन एका पायडलवर टाकून उभा राहिला तरी ते पायडल खाली जाणार नाही. मग तो हँडल वर खेचतो, अंग पुढे जाते, मागच्या चाकावरचा भार कमी होतो, मुरमावर चाक घसरते आणि तो उतरतो. यात त्याच्या जिद्दीचा काहीच दोष नाही.

आता मागे 22 दातांचे फ्रीव्हील लावा. 44 भागिले 22, बरोबर दोन. गिअर 52 इंच, एका फेरीत 4.15 मीटर. सरासरी जोर 31 किलोवर येतो आणि सर्वांत जास्त जोर 49 किलोवर. 50 किलोचा मुलगा आता उभा राहून, आपल्या वजनाने, ती टेकडी चढू शकतो. 20 दात्यांनी हे जमत नाही, कारण तिथे सर्वांत जास्त जोर 54 किलो लागतो. म्हणून मी 22 म्हणतो. हा आकडा माझ्या डोक्यातून निघालेला नाही. जगभर एका गिअरची माउंटन बाइक चालवणारे लोक 26 इंची चाकाला दोनास एक हेच माप सुरुवातीला धरतात, म्हणजे पुढे 32 आणि मागे 16. 29 इंची चाक असेल तर 32 ला 18 किंवा 20. 32 ला 18 धरून हिशेब केला तर तोही जवळजवळ 52 इंचच येतो. तिथून पुढे आपला चढ आणि आपले पाय बघून एक-दोन दाते कमी-जास्त करायचे.

या हिशेबातली मला सर्वांत खटकणारी गोष्ट सहावी-सातवीच्या मुलांबद्दल आहे. 35 किलोच्या मुलालाही आपण तीच 17 किलोची सायकल देतो. त्याच्या वजनाच्या निम्मी सायकलच झाली. त्याला टेकडीवर सर्वांत जास्त 46 किलोचा जोर लागतो, आणि त्याच्याकडे आहेत 35. मागे 22 केले तरी 38 लागतात. स्टोअरमध्ये मागच्या रांगेत 24 इंची चाकांच्या सायकली आहेत, त्या लहान दिसतात म्हणून कोणी घेत नाही. त्यांना 22 चे फ्रीव्हील बसवले तर गिअर 48 इंच होतो आणि जोर 35 किलोच्या जरा आत येतो. मोठी सायकल मिळणे हा मान समजला जातो, त्यामुळे लहान मुले स्वतःहून 24 इंची मागणार नाहीत. हाउसच्या शर्यतीत मात्र जो उतरतो त्याचे गुण जातात आणि रात्री डॉर्मिटरीत त्यालाच ऐकून घ्यावे लागते. ज्या चढावर त्याचे वजनच पुरणार नाही हे कागदावर आधीच दिसते आहे, तिथे त्याला ‘दम नाही’ म्हणणे मला न्यायाचे वाटत नाही.

जड गिअर रेटल्याने ताकद वाढते, असे आपल्याकडे बोलले जाते. सपाटीवर थोडा वेळ रेटला तर वाढतही असेल. पण वाढत्या वयात सावकाश फिरणाऱ्या जड पायडलवर सतत जोर देणे गुडघ्यांना त्रासाचे असते. सायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेने ज्युनिअर खेळाडूंसाठी अनेक वर्षे गिअरवर मर्यादा ठेवली होती. एका फेरीत 7.93 मीटरपेक्षा जास्त अंतर जाणारा गिअर त्यांना रस्त्यावरच्या शर्यतीत चालत नसे. ही मर्यादा 2023 पासून उठवली गेली, आणि ती सपाट रस्त्यावरच्या वेगवान सायकलींसाठी होती, हे खरे आहे. तरीही वाढत्या मुलांचा गिअर हा विचार करण्याचा विषय आहे, असे त्यांना इतकी वर्षे वाटत होते, याची नोंद आपण घ्यायला हवी.

पूर्वीचे वीर एकाच गिअरवर डोंगर चढत, असेही सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. टूर द फ्रान्स ही शर्यत 1903 मध्ये सुरू झाली आणि चालता चालता गिअर बदलणारे यंत्र तिच्यात 1937 मध्ये मान्य झाले. त्याआधीचे स्पर्धक मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांच्या चकत्या लावत. डोंगराच्या पायथ्याशी उतरायचे, चाक काढून उलटे बसवायचे आणि हलक्या गिअरवर चढायचे. वर पोचल्यावर पुन्हा उलटे. जगातले सर्वांत कणखर सायकलपटू हातातला वेळ घालवून गिअर बदलत होते, कारण सपाटीचा गिअर डोंगरावर चालत नाही हे त्यांना माहीत होते. आपल्या मुंबई-पुणे शर्यतीतही ‘घाटाचा राजा’ हा मान वेगळा दिला जातो, तो उगाच नाही.

आपण सैनिकी शाळेत आहोत, म्हणून सैन्याचीही दोन उदाहरणे घेऊ. 8 डिसेंबर 1941 ला जपानी सैन्य मलायात उतरले आणि 31 जानेवारी 1942 पर्यंत द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाला पोचले. साधारण 55 दिवसांत त्यांनी हे अंतर तोडले, आणि त्यात साध्या सायकलींवरच्या पायदळाचा मोठा वाटा होता. टायर फाटले तर सैनिक नुसत्या रिमवर सायकल चालवत. मलायातले रस्ते चांगले होते, म्हणून साधी सायकल तिथे बसली. स्वित्झर्लंड मात्र डोंगराळ देश. तिथल्या सैन्याने 1905 चे एका गिअरचे मॉडेल, तेही वीस किलोंहून जड, जवळजवळ नव्वद वर्षे वापरले. 1993 मध्ये त्यांनी नवे मॉडेल आणले आणि त्याला 7 गिअर दिले. या दोन्ही उदाहरणांतून मी एवढाच अर्थ घेतो की साध्या सायकलीवर सैन्य चालू शकते, पण डोंगर रोजचा असेल तर गिअरचा विचार केव्हा ना केव्हा करावाच लागतो.

मग 21 गिअरच्या सायकलीच का घेऊ नयेत? लांबच्या मोहिमेला, जिथे दिवसात घाट, माळ आणि डांबरी रस्ता सगळेच लागते, तिथे त्या चांगल्या, हे मी मान्य करतो. पण आपल्या सायकली जून ते सप्टेंबर चिखलात असतात आणि एक सायकल आठवड्यात दहा वेगवेगळे कॅडेट चालवतात. एकदा पडली की मागचे गिअर बदलणारे यंत्र वाकते आणि चेन स्पोकमध्ये जायला लागते. प्रत्येक आदळआपटीनंतर त्याची जुळणी करणारा माणूस आपल्याकडे नाही. एका गिअरच्या सायकलीत बिघडण्यासारखे फार कमी असते. चेन पुसून तेल द्यायचे, ताण बघायचा, झाले. शिवाय आपला चढ रोज तोच आहे. ज्याला रोज एकाच टेकडीवर जायचे आहे त्याला एकवीस गिअर कशाला हवेत? एक पुरेल, फक्त तो नीट निवडलेला पाहिजे.

दुसरी शंका सीनियर मुले घेतात. 22 लावले तर सपाट रस्त्यावर पाय नुसते फिरत राहतील आणि आपण मागे पडू, असे ते म्हणतात. हा तोटा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. पण किती आहे ते पाहू. आज मिनिटाला 70 फेऱ्या मारल्या तर ताशी 21 किलोमीटर वेग मिळतो. 22 दाते लावल्यावर तोच वेग ठेवायला 85 फेऱ्या लागतील. मिनिटाला पंधरा फेऱ्या जास्त, पण प्रत्येक फेरी हलकी. दोन आठवड्यांत पायांना त्याची सवय होते. चढावर उतरून चालणाऱ्याचा वेग ताशी चार-पाच किलोमीटर असतो. सपाटीवर थोडे कमावून चढावर एवढे गमावणे हा फायद्याचा व्यवहार नाही.

काम किती आहे, तेही सांगतो. फ्रीव्हील पाना लावून उघडते आणि नवे हाताने फिरवून बसवता येते. मागचे प्रत्येक दोन दाते वाढले की चाकाची आस सुमारे सहा मिलिमीटर पुढे सरकवावी लागते. चार दात्यांना बारा-तेरा मिलिमीटर. मागच्या खाचेत तेवढी जागा नसेल तर चेनमध्ये एक जोड वाढवावा. नंतर आस सरळ आहे ना, ब्रेकचे रबर रिमवर बसते ना आणि चेन मधोमध बोटभरापेक्षा कमी हलते ना, एवढे तपासावे. क्राफ्टच्या दोन तासांत चार सायकली होतील, आणि नववीच्या मुलांना ते शिकवताही येईल.

क्रीडा विभागाला माझी विनंती अशी आहे. माझ्या कागदावर विश्वास ठेवून सगळ्या सायकली एकदम बदलू नका. सहा सायकली घ्या. तिघांना 18 राहू द्या, तिघांना 22 लावा. एका रविवारी प्रत्येक हाउसमधून चार कॅडेट निवडा, दोन सीनियर आणि दोन ज्युनिअर. प्रत्येकाला दोन्ही सायकलींवर फाटकापासून टाकीपर्यंत जाऊ द्या, मध्ये तासभर विश्रांती ठेवा, आणि निम्म्यांना आधी 18 वर तर निम्म्यांना आधी 22 वर पाठवा, म्हणजे दमल्याचा दोष कोणा एका गिअरच्या माथी येणार नाही. वेळ लिहा, आणि कोण कुठे उतरला तेही लिहा. 24 इंची सायकलींपैकी दोन सहावीच्या मुलांसाठी तयार ठेवा.

18 ची वेळ चांगली आली तर मी माझे म्हणणे मागे घेईन आणि स्टोअरमधली फ्रीव्हील स्वतः बदलून देईन. 22 ची चांगली आली तर हाउसच्या शर्यतीआधी बाकीच्या सायकली बदलाव्यात. शर्यत जानेवारीत आहे. सहा सायकलींचे काम दिवाळीच्या सुट्टीआधी एका क्राफ्टच्या तासिकेत सुरू करता येईल.

(कॅडेट, इयत्ता दहावी)